पवनचक्कीचा फोटो: आधी वारा बघा, मग कॅमेरा काढा

पवनचक्क्यांचे पहिल्यांदा काढलेले फोटो बहुतेक एकाच तऱ्हेने फसतात. पांढुरक्या आकाशावर पांढरा खांब, पाती जागच्या जागी चिकटवल्यासारखी, आणि समोर उभं असताना जाणवलेली ती प्रचंड उंची फोटोत कुठेच नाही. महागडा कॅमेरा घेऊन यातलं काही सुधारत नाही. झाड किंवा टेकडी जागची हलत नाही, आपण प्रकाश बघून तिच्याभोवती फिरतो. पवनचक्की मात्र स्वतः वळते, आणि कुठे वळायचं हे वारा ठरवतो. त्यामुळे या विषयाची तयारी वाऱ्यापासून सुरू होते. लेन्स आणि सेटिंग्ज नंतर.

चक्कीबद्दल आधी एवढं माहीत हवं

आजच्या बहुतेक मोठ्या पवनचक्क्या तीन पात्यांच्या असतात. मनोऱ्याच्या टोकावर यंत्रं सामावलेली जी लांबट पेटी दिसते ती नॅसेल. नॅसेलच्या पुढच्या तोंडाला हब आणि हबला पाती. हब आणि पाती मिळून जे गोल फिरतं ते चक्र. ही नॅसेल मनोऱ्यावर गोल फिरू शकते आणि चक्कीची यंत्रणा तिला सतत वाऱ्याच्या समोर आणत राहते. वारा जिकडून येतो तिकडे पात्यांचं तोंड, हा साधा नियम. समोरून पाहिलं तर पाती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, मागून पाहिलं तर उलट. समोरून बघताना पातं मनोऱ्याच्या पुढून जातं. मागून बघताना मनोरा पात्याला काही क्षण झाकतो.

वारा सेकंदाला साधारण ३ ते ४ मीटर, म्हणजे ताशी ११ ते १४ किमी झाला की चक्की वीज बनवू लागते. सेकंदाला २५ मीटरच्या, म्हणजे ताशी ९० किमीच्या आसपास गेला की बहुतेक चक्क्या सुरक्षिततेसाठी स्वतःच थांबतात. थांबलेल्या चक्कीची पाती वाऱ्याला कडेने धरलेली असतात, त्यामुळे समोरून ती अगदीच बारीक दिसतात. अशा दिवशी बाजूने काढलेला फोटो जास्त भरीव येतो.

आणखी एक गोष्ट नवख्यांना चकवते. जमिनीवर पानही हलत नसताना ऐंशी-शंभर मीटर उंचीवर चांगला वारा असू शकतो. रात्री आणि पहाटे हे हमखास अनुभवाला येतं. म्हणून ‘आज वारा नाही’ असं खिडकीतून बघून ठरवू नका.

पायरी १: वारा आणि सूर्य एकाच कागदावर मांडा

हवामानाच्या अंदाजात वाऱ्याची जी दिशा दिलेली असते ती वारा जिथून येतो ती. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा. कागदावर चार दिशा काढा, मधोमध चक्कीसाठी एक ठिपका द्या, वाऱ्याच्या दिशेला पात्यांचं तोंड दाखवा आणि तुम्ही ज्या वेळी जाणार त्या वेळचा सूर्य कुठे असेल ते मांडा. सूर्य-चंद्राची दिशा नकाशावर दाखवणारी अ‍ॅप्स आहेत. ती यासाठी फार उपयोगी.

आता हा कागद वाचायचा. समजा पश्चिमेचा वारा आहे आणि तुम्ही संध्याकाळी जाताय. चक्कीच्या पश्चिमेला उभं राहिलात तर सूर्य पाठीशी, पात्यांचं तोंड तुमच्याकडे आणि सगळं चक्र उजळलेलं. फोटो स्वच्छ येईल, पण थोडा सपाट, आणि तुमची स्वतःची लांब सावली चौकटीत शिरेल तिच्याकडे लक्ष ठेवावं लागेल. तोच वारा पण सकाळची वेळ असेल, तर पश्चिमेकडून बघताना सूर्य थेट समोर येतो आणि चक्कीची काळी छायाकृती मिळते. पूर्वेला गेलात तर उजळलेली पाठ दिसते.

मला स्वतःला सर्वांत आवडते ती तिसरी जुळणी: वारा दक्षिणेचा किंवा उत्तरेचा आणि सूर्य पश्चिमेला किंवा पूर्वेला, खाली टेकत आलेला. दक्षिणेचा वारा असताना संध्याकाळी चक्कीच्या दक्षिणेला उभे राहा. चक्र पूर्ण समोर आणि प्रकाश डावीकडून. मनोऱ्याची एक बाजू उजळ, दुसरी सावलीत. मनोऱ्याची गोलाई पहिल्यांदा दिसते ती या प्रकाशात. तिथून थोडं नैऋत्येला सरकलात तर चक्र गोल न दिसता लंबगोल दिसतं आणि हबपासून नॅसेलच्या शेपटीपर्यंतची खोली कळते. एखादी चक्की कशी असते हे एकाच फोटोत सांगायचं असेल, तर हा तिरपा कोन निवडा.

दुपारचा विचार शक्यतो करू नका. सूर्य डोक्यावर असताना मनोऱ्याला ना उजेडाची बाजू असते ना सावलीची. शिवाय तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लांबून टेलिफोटोने (दूरचं मोठं दाखवणाऱ्या लेन्सने) काढलेल्या चित्रात मनोऱ्याच्या कडा वाकड्यातिकड्या होतात. हा दोष लेन्सचा नसतो, त्यामुळे कितीही नेमका फोकस केला तरी जात नाही.

पायरी २: उभं कुठे राहायचं

चक्कीचं आकारमान दाखवणं हा या विषयातला सर्वांत अवघड भाग आहे, आणि त्याचं उत्तर जवळ जाण्यात नाही. अगदी पायथ्याशी जाऊन वाइड (रुंद दृश्य मावणाऱ्या) लेन्सने वर बघत काढलेल्या फोटोत मनोरा वरच्या टोकाला निमुळता होतो, मागे पडल्यासारखा झुकतो, आणि पाती छोटी दिसतात. तो कोन मुद्दाम वापरता येतो, पण त्यात शेतशिवार उरत नाही.

उंची कळते ती ओळखीच्या वस्तूशेजारी. घर, झाड, चरणारी गुरं, बांधावरून चाललेला माणूस, ट्रॅक्टर. पण या वस्तू तुमच्याजवळ आणि चक्की दूर असेल तर झाड मोठं आणि चक्की लहान दिसणार. खरं प्रमाण दिसायला हवं असेल, तर ती वस्तू चक्कीच्या जवळ असली पाहिजे आणि तुम्ही दोघांपासून लांब असलं पाहिजे. मग टेलिफोटो लावायची. मागची वस्तू ‘ओढून जवळ आणणं’ हे काम लेन्सचं आहे असं समजलं जातं, पण तो परिणाम तुमच्या अंतराचा असतो. लेन्स फक्त त्या दूरच्या दृश्यातला छोटा तुकडा कापून देते.

किती लांब, याचा हिशेब सोपा आहे. जमिनीपासून पात्याच्या वरच्या टोकापर्यंत १२० मीटर उंचीची चक्की १ किमी अंतरावरून २०० मिमी लेन्सने पाहिली, तर तिची प्रतिमा सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, २४ मिमी उंच पडते. फुल-फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्याचा सेन्सर आडवा धरल्यावर बरोबर २४ मिमी उंच असतो. म्हणजे चक्की चौकटीत वरपासून खालपर्यंत ठासून बसली. २ किमीवर गेलात तर ती निम्मी होईल आणि भोवती शेतं, घरं, आकाश यांना जागा मिळेल. माझ्या मते गावशिवारातल्या चक्कीसाठी दीड ते तीन किमी हे अंतर सर्वांत फलदायी आहे. नकाशावर चक्कीभोवती एवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि त्यावर कुठे उंचवटा, कुठे सार्वजनिक रस्ता, कुठे मोकळी बाजू आहे ते शोधा.

वाइड लेन्स वापरायचीच असेल तर पुढच्या जमिनीला काम द्या. नांगरटीच्या सऱ्या, बैलगाडीची चाकोरी, कच्चा रस्ता, ओढा, दगडी बांध, काहीही चालेल, फक्त ती रेषा नजरेला चक्कीपर्यंत नेणारी हवी. मध्येच दुसरीकडे वळणारी रेषा चित्र फोडते. २४ मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं ते लहान) एफ/११, फोकस पावणेदोन मीटरवर, एवढं केलं की फुल-फ्रेमवर साधारण एक मीटरपासून अनंतापर्यंत सगळं रेखीव येतं.

अनेक चक्क्या असतील तर त्या एकमेकींत गुंतू देऊ नका. दोन चक्रं एकमेकांवर आली की सहा पात्यांचा गोंधळ दिसतो आणि कुठलंच पातं कोणाचं ते कळत नाही. वीस-तीस पावलं बाजूला सरकल्यावर बहुतेक वेळा गुंता सुटतो. चक्क्या खूप लांब असतील तर जास्त चालावं लागतं. सगळ्याच चक्क्या चौकटीत घेण्याचा मोह आवरा. एक मुख्य ठेवा, बाकीच्या तिच्या मागे लहान होत जाऊ द्या.

जागा ठरवताना जमीन कोणाची आहे हेही बघा. उभ्या पिकातून चालणं म्हणजे कोणाच्या तरी मेहनतीवर पाय देणं. मालक दिसला तर विचारा. बहुतेक लोक आनंदाने परवानगी देतात आणि उलट चांगली जागाही दाखवतात. फाटक जसं होतं तसं ठेवा: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. चक्कीचं कुंपण, तिचा दरवाजा आणि शेजारचं रोहित्र यांच्यापासून दूर राहा. थंड प्रदेशात पात्यांवर बर्फ साचतो आणि फिरताना लांब भिरकावला जातो, म्हणून तशा हवेत चक्कीच्या खाली किंवा जवळ उभं राहू नये. गडगडाट ऐकू आला की फोटो थांबवून गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जा. उघड्या माळावर हातात ट्रायपॉड घेऊन वादळाची वाट बघू नका.

पायरी ३: एका फेरीला किती सेकंद लागतात ते मोजा

इथे घाई करू नका, कारण सगळ्या लेखातली सर्वांत उपयोगाची गोष्ट हीच आहे. कॅमेरा लावण्याआधी घड्याळ घ्या. एक पातं सरळ वर आलं की मोजायला लागा, पाच फेऱ्या होऊ द्या आणि आलेल्या सेकंदांना पाचाने भागा. मोठी चक्रं मिनिटाला साधारण १० ते २० फेऱ्या घेतात. लहान चक्र जास्त भरभर फिरतं. समजा पाच फेऱ्यांना २० सेकंद लागले, तर एका फेरीला ४ सेकंद. त्यावरून शटरचा, म्हणजे कॅमेरा किती वेळ प्रकाश आत घेतो त्याचा, सगळा हिशेब निघतो.

४ सेकंदांत ३६० अंश, म्हणजे सेकंदाला ९० अंश. शटर १/१५ सेकंद ठेवलं तर पातं ६ अंश सरकेल. १/६ ठेवलं तर १५ अंश. १/२ ठेवलं तर ४५ अंश. दुसऱ्या कुठल्याही चक्कीसाठी हेच: फेरीच्या वेळेला साठाने भागा, ६ अंशांची हालचाल देणारं शटर मिळतं.

आता वेग बघा. ८० मीटर व्यासाचं चक्र ४ सेकंदांत एक फेरी घेत असेल तर पात्याचं टोक सेकंदाला जवळजवळ ६३ मीटर, म्हणजे ताशी २२५ किमीच्या वर धावत असतं. लांबून सावकाश फिरणारी दिसणारी ती पाती इतक्या वेगात असतात. १/५०० सेकंदात ते टोक सुमारे १३ सेंटिमीटर सरकतं, १/३० मध्ये दोन मीटर. हबजवळचा भाग मात्र फारसा हलत नाही. म्हणून मधल्या शटरवर पात्याचं मूळ रेखीव आणि टोक पुसट असं चित्र येतं, आणि फिरण्याची जाणीव त्यातूनच होते.

यातून तीन पर्याय उरतात. पाती पूर्ण गोठवायची असतील तर १/५०० किंवा त्याहून जलद. चक्की चौकटीत लहान असेल तर १/२५० पुरतं. वादळी ढगांसमोरच्या कठोर, रेखीव चित्राला गोठवलेली पातीच शोभतात. फिरणं दाखवायचं असेल तर ६ ते २० अंशांची हालचाल देणारं शटर, म्हणजे आपल्या उदाहरणात १/१५ ते १/५. नवख्याने इथूनच सुरुवात करावी असं मी म्हणेन, कारण पातं अजून पातंच दिसतं आणि तरी ते हलतंय हे कळतं.

तिसरा पर्याय लांब एक्सपोजरचा, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवण्याचा, आणि तो सगळ्यांना खुणावतो. पण त्यात एक धोका आहे. फेरीच्या एक तृतीयांश वेळेत, म्हणजे आपल्या उदाहरणात १.३ सेकंदात, प्रत्येक पातं पुढच्या पात्याच्या जागी पोचतं आणि सगळं वर्तुळ सारखं पुसलं जातं. पाती चक्राच्या क्षेत्रफळाचा फारच थोडा भाग व्यापतात, त्यामुळे त्यांचा नुसता पुसट धूर उरतो. शटर आणखी वाढवून त्यात काही भर पडत नाही. डोक्यावर काहीच नसलेला खांब दिसतो. ढगांचे लांब ओघळ आणि पाती दोन्ही हवी असतील, तर ट्रायपॉड न हलवता एक चित्र ३० सेकंदांचं आणि एक १/१० चं घ्या आणि नंतर दोन्ही एकत्र करा.

भर उन्हात एवढं सावकाश शटर मिळत नाही, त्यासाठी एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची प्रकाश कमी करणारी गडद काच, लागतो. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० आणि एफ/८ वर स्वच्छ उन्हात शटर साधारण १/४०० येतं. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट. ६ स्टॉपचा फिल्टर प्रकाश ६४ पटींनी कमी करतो, म्हणजे शटर १/६ होतं: फिरणं दाखवायला अगदी हवं तेवढं. १० स्टॉपचा फिल्टर हजारपट कमी करतो आणि शटर अडीच सेकंदांवर जातं. एकच फिल्टर घ्यायचा असेल तर या विषयासाठी ६ स्टॉपचा घ्या. फिल्टर नसेल तर सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा.

पायरी ४: वाऱ्यात ट्रायपॉड

जिथे चक्क्या आहेत तिथे वारा आहे, आणि तो तुमच्या कॅमेऱ्यालाही हलवतो. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, पाय पूर्ण लांबवू नका, एक पाय वाऱ्याच्या दिशेने पुढे ठेवा. पिशवी टांगून वजन द्यायचं तर ती जमिनीला टेकू द्या, नाहीतर तीच झुलते आणि कॅमेरा हलवते. लेन्सचा हुड काढून ठेवा, पट्टा काढा किंवा गुंडाळा, आणि स्वतः वाऱ्याच्या बाजूला आडोसा बनून उभे राहा. शटर दोन सेकंदांच्या टायमरने किंवा रिमोटने सोडा. मनोरा रेखीव आहे की नाही हे दर काही फोटोंनंतर स्क्रीनवर मोठं करून बघा. मनोरा हलला असेल तर पात्यांची धूसरता हेतुपुरस्सर वाटत नाही.

फोकस पात्यांवर कधीच करू नका. ऑटोफोकसचा बिंदू नॅसेलवर किंवा मनोऱ्याच्या कडेवर ठेवा, फोकस झाला की मॅन्युअलवर टाका.

पायरी ५: पांढऱ्याला पांढरं ठेवणं

चक्क्या बहुधा पांढऱ्या किंवा फिकट राखाडी असतात, आकाशात कमीत कमी उठून दिसाव्यात म्हणून. फोटोग्राफरला नेमकं उलट हवं असतं. त्यामुळे मागे काय आहे याची निवड चक्कीइतकीच महत्त्वाची. गडद ढग, दूरची टेकडी, झाडांची रांग, माथ्यावरचं निळं आकाश, यांच्यावर पांढरा रंग उठतो. पांढुरक्या ढगाळ आकाशावर तो हरवतो.

उजळ आकाश चौकटीत जास्त असलं की कॅमेरा फसतो आणि सगळं काळवंडतं. अशा वेळी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (चित्र उजळ-गडद करण्याची कॅमेऱ्यातली सोय) अर्धा ते एक स्टॉप वाढवा. उलट, मागे काळे ढग आणि चक्कीवर थेट ऊन असेल तर कॅमेरा चित्र जास्त उजळ करतो आणि मनोऱ्याचा तपशील जळून जातो. तिथे अर्धा ते एक स्टॉप कमी करा. हिस्टोग्रामचं (स्क्रीनवरच्या उजेड-अंधाराच्या आलेखाचं) उजवं टोक भिंतीला चिकटलेलं नाही ना, एवढं बघितलं की पुरे. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवा.

पोलरायझर (लेन्सवर फिरवायचा फिल्टर) सूर्यापासून ९० अंशांवरच्या आकाशाला सर्वांत गडद करतो, त्यामुळे बाजूच्या प्रकाशात तो पांढऱ्या चक्कीला छान उठाव देतो. वाइड लेन्सवर मात्र आकाशाचा एकच पट्टा गडद होतो आणि ते विचित्र दिसतं.

पायरी ६: पात्यांची मुद्रा

तीन पात्यांपैकी एक सरळ खाली आलं की ते मनोऱ्यावर येऊन मिसळतं आणि चक्कीला दोनच पाती आहेत असं वाटतं. एक पातं सरळ वर असताना उरलेली दोन मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी दिसतात. ही मुद्रा स्थिर वाटते. पातं उभ्या रेषेपासून थोडं कललेलं असेल तर चित्रात हालचाल येते, आणि मला तीच जास्त जिवंत वाटते. प्रत्येक मुद्रा फेरीच्या एक तृतीयांश वेळेने पुन्हा येते, म्हणून दोन सेकंदांचा बर्स्ट (एकामागोमाग भराभर फोटो) घेतला की सगळ्या मुद्रा हाती लागतात. अनेक चक्क्या एका तालात फिरत नाहीत. मुख्य चक्कीची मुद्रा निवडा आणि बाकीच्यांचं जे येईल ते स्वीकारा.

धुकं, सावल्या आणि चंद्र

थंड, निवांत पहाटे खोलगट भागात धुकं साचतं आणि वर पाती फिरत असतात. उंचवट्यावरून, टेलिफोटोने, सूर्य उगवण्याच्या आधीपासून तयार राहा. हा देखावा फार वेळ टिकत नाही. धुक्याने वारासुद्धा दिसू शकतो. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या समुद्रात हॉर्न्स रेव्ह नावाचा ८० चक्क्यांचा प्रकल्प आहे. १२ फेब्रुवारी २००८ रोजी तिथे हेलिकॉप्टरमधून काढलेल्या एका छायाचित्रात पुढच्या रांगेतल्या चक्क्यांच्या मागे धुक्याचे लांबच लांब पट्टे तयार झालेले दिसतात. चक्कीमागे हवा कशी घुसळली जाते हे त्या चित्रात उघड दिसतं, आणि वाऱ्याचे अभ्यासकही ते वापरतात. जमिनीवर असा योग क्वचितच येतो, पण दमट पहाटे रांगेच्या कडेने बघायची सवय ठेवावी.

सावल्यांकडे फार कमी लोक कॅमेरा वळवतात. सूर्य क्षितिजापासून १० अंश वर असताना १२० मीटर उंच चक्कीची सावली ६८० मीटरपर्यंत पोचते, आणि पात्यांच्या सावल्या शेतावरून झाडू मारल्यासारख्या जातात. सूर्य पाठीशी घेऊन, उंचावरून, सपाट एकरंगी शेतावर त्या सर्वांत स्वच्छ उमटतात. चक्की चौकटीत नसली तरी चित्र पूर्ण होतं.

चंद्र चक्राएवढा मोठा हवा असेल तर अंतराचा हिशेब असा: चंद्र आपल्या डोळ्याला सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून कुठलीही वस्तू तिच्या रुंदीच्या साधारण ११० पट लांबून पाहिली की चंद्राएवढी दिसते. ८० मीटरच्या चक्रासाठी ते अंतर पावणेनऊ किमीच्या आसपास. ४०० मिमी लेन्सवर तो चंद्र साडेतीन मिमीचा येईल, म्हणजे बरंच क्रॉप करावं लागेल. निम्म्या अंतरावर गेलात तर चंद्र चक्राच्या निम्मा दिसेल, आणि हवेतला धूसरपणाही कमी आड येईल. मी नवख्याला हेच सुचवेन. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी चंद्र सूर्यास्ताच्या आधीच वर आलेला असतो आणि शिवारावर अजून उजेड असतो, त्यामुळे दोन्हींचा तपशील एकाच एक्सपोजरमध्ये मावतो. सूर्याच्या बाबतीतही हिशेब तोच, पण टेलिफोटोतून ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरने सूर्याकडे कधीही बघू नका; स्क्रीन वापरा.

रात्री अनेक चक्क्यांवर विमानांसाठी लाल दिवे लागतात. निळ्या सांजवेळी, आकाशात रंग असतानाच, ते टिपणं सोपं. पूर्ण अंधारात तारे हवे असतील तर २० मिमी लेन्सवर २० ते २५ सेकंद ही मर्यादा धरा, त्यापुढे तारे रेषा होतात. चांदण्या रात्री मनोरा आपोआप उजळतो, टॉर्च मारायची गरज पडत नाही.

मोबाइल आणि ड्रोन

मोबाइलने छान फोटो येतात, फक्त तीन गोष्टी सांभाळा. एचडीआर अनेक फोटो जोडतं, त्यामुळे एका चक्कीला कधी पाच पाती दिसतात. ते बंद करता येत असेल तर करा. पॅनोरमात चक्की घेऊ नका, पाती तुटतात. आणि बहुतेक मोबाइलचा सेन्सर चित्र एका ओळीमागून दुसरी असं वाचतो, त्यामुळे जवळून काढलेली पाती किंचित वाकलेली येतात. लांबून काढली की हा दोष जवळजवळ दिसत नाही. डिजिटल झूमपेक्षा दुसरी, लांब पल्ल्याची लेन्स असेल तर ती वापरा.

ड्रोन उडवण्याआधी तिथले हवाई नियम आणि प्रकल्पचालकाची परवानगी बघा. चक्कीच्या मागे, वारा जिकडे जातो त्या बाजूला, हवा खवळलेली असते. तिथे ड्रोन नेऊ नका; वाऱ्याच्या समोरच्या बाजूला आणि भरपूर अंतरावर ठेवा.

घरी आल्यावर

आधी चित्र सरळ करा. क्षितिज टेकड्यांमुळे फसवतं, म्हणून चौकटीच्या मध्याजवळच्या मनोऱ्याला उभं प्रमाण माना. छोट्या अ‍ॅपर्चरवर आकाशात सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके दिसतात, ते काढा. संपादनातली डीहेझ (धूसरपणा घालवणारी) आणि क्लॅरिटी (कडा ठळक करणारी) ही साधनं जपून वापरा: दोन्ही जास्त झाली की पात्यांच्या कडेने उजळ झालर उमटते आणि संपूर्ण चित्र खोटं दिसतं. फोटो डावा-उजवा उलटवू नका, कारण समोरून दिसणारी चक्की उलट दिशेने फिरणारी ठरेल.

विजेच्या तारा, रोहित्र, कच्चा रस्ता, गवताची गंजी पुसून टाकायचा मोह होतो. तार अगदी पात्यावरून जात असेल तर जागा बदलून पुन्हा फोटो काढणं बरं. बाकी सगळं राहू द्या. चक्की वीज बनवते, ती याच तारांतून जाते, आणि ती उभी आहे ते शिवार कोणीतरी रोज कसतं. हे सगळं चौकटीत असेल तरच फोटो त्या जागेचा होतो.